हात न लावलेली गाडी

कोल्हापुरात जुनी मोटार रस्त्यावर आली की माणसं थांबतात. मागं-पुढं फिरून बघतात, खिडकीतून आत डोकावतात आणि मालकाला पहिली शाबासकी देतात, ‘एकदम नव्यासारखी केलीय की हो!’ पत्रा ठोकून सरळ केलेला असतो, लांबी भरून घासलेली असते, वर चेहरा दिसेल असा रंग मारलेला असतो. बंपरला नवं क्रोम, सीटला नवं रेक्झिन. या कामात मेहनत असते, पैसाही बक्कळ जातो आणि ती शाबासकी मनापासूनची असते. पण हे पुस्तक ज्या गाड्यांबद्दल आहे त्या नव्यासारख्या केलेल्या नाहीत. कारखान्यातून ज्या रंगात निघाल्या त्याच रंगात, त्याच पत्र्यात आणि सीटच्या त्याच कापडात त्या साठ वर्षं टिकल्या आहेत. त्यांचा रंग काही ठिकाणी विरलाय, क्रोमवर बारीक पुटकुळ्या आल्यात, स्टिअरिंगला चीर गेलीय. अशा गाडीपुढं उभं राहून काय बघायचं आणि तिचं मोल का मानायचं, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पुस्तकाचा मुख्य विषय साठच्या दशकातल्या अमेरिकन मसल कार. अशी गाडी कोल्हापूरच्या रस्त्यावर त्या काळात दिसली नाही. ती का दिसली नाही, याचं कारण पुढं येईल. आधी ती गाडी काय होती ते बघू, आणि त्यासाठी एकीचीच गोष्ट पुरेशी आहे.

१९६३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या शाखांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. पॉन्टिॲक ही त्यांतली एक शाखा, आणि तिची बाजारातली सगळी पत शर्यतींवर उभी होती. तिथले मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांनी टेम्पेस्ट ही मधल्या आकाराची गाडी घेतली आणि मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची व्ही-एट इंजिन तिच्या बॉनेटखाली बसवलं. मधल्या आकाराच्या गाडीला ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. म्हणून ही स्वतंत्र गाडी आहे असं त्यांनी दाखवलंच नाही; टेम्पेस्टवर जादा पैसे भरून घेता येणारा संच म्हणून यादीत घातली. जीटीओ हे नाव थेट फेरारीकडून उचललं. विक्री खात्यानं पाच हजार गाड्यांना कशीबशी मान्यता दिली होती. १९६४ च्या मॉडेलच्या ३२,४५० गाड्या खपल्या.

३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. त्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटचं इंजिन होतं १.१ लिटरचं आणि तिची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात. जीटीओ साध्या रूपात ३२५ अश्वशक्तीची, तीन कार्बोरेटरचा संच घेतला तर ३४८ ची. (त्या काळातली मोजणी इंजिन गाडीबाहेर ठेवून, बरीचशी जोडणी काढून केलेली असे, त्यामुळे आकडे फुगलेले आहेत, तरीही फरक कळायला पुरेसे आहेत.) बाकीच्या कंपन्या गप्प बसणं शक्यच नव्हतं. १९६६ मध्ये क्रायस्लरने ४२६ घनइंची हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत दिलं, त्याची कागदावरची ताकद ४२५. १९६८ मध्ये प्लिमथने रोड रनर काढली. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले, हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा वाजणारा बसवला, आणि गाडीच्या आत मात्र गालिचाऐवजी साधी रबरी मॅट टाकली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या गाड्या श्रीमंतांच्या नव्हत्या. नुकती नोकरी लागलेल्या, हप्ते भरणाऱ्या पोरांच्या होत्या. पैसा इंजिनात घातलेला होता, बाकी सगळीकडे काटकसर.

हा सगळा जोर आठ-नऊ वर्षांत ओसरला. विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते एवढे वाढवले की गाडीपेक्षा विमा जड झाला. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं गेलं आणि १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं. काल हवीहवीशी वाटणारी गाडी आज पेट्रोल पिणारी, कवडीमोलाची झाली. शाळा-कॉलेजातली मुलं ती घेऊन फिरली, इंजिनं फोडली, दुसरी बसवली. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठानं पत्रे खाऊन टाकले. यातून ज्या वाचल्या त्यांचे भाव पुढं वाढायला लागले, तेव्हा त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि उघड्या पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा रंगवल्या गेल्या. म्हणून आज चकचकीत जीटीओ बघायला मिळते, पण कारखान्याच्या मूळ रंगातली जीटीओ फार थोड्यांनी पाहिलेली असते.

अशी मूळ गाडी समोर आली तर घाई करू नये. आधी दार उघडावं आणि दाराच्या चौकटीतला रंग बघावा. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर तेव्हा ॲक्रिलिक लॅकर मारत. फोर्ड आणि क्रायस्लरकडे इनॅमल. लॅकरचा थर पातळ. वर्षानुवर्षं पॉलिश केल्यानं बॉनेटच्या कडेला आणि मडगार्डच्या उंचवट्यावर तो इतका झिजतो की खालचा प्रायमर दिसायला लागतो. उन्हानं त्यात केसाएवढ्या चिरा पडतात. दाराच्या आतल्या बाजूला मात्र रंग खरखरीत आणि काहीसा मंद असतो, कारण तिथं पॉलिश करायला कारखान्यात कुणाला वेळच नव्हता. गाडीखाली वाकून बघितलं तर तळाला रंगाचा उडालेला फवारा दिसतो, कुठं गडद, कुठं नुसती धूळ बसल्यासारखा. आजचा रिस्टोअरर हाच तळ वरच्या पत्र्याइतका गुळगुळीत करून देतो आणि त्याला बक्षीसही मिळतं. १९६७ च्या कारखान्यात मिनिटा-दोन मिनिटांना एक गाडी पुढं सरकत होती. तळ गुळगुळीत करायची सवड तिथं नव्हती.

मग बॉनेट उघडावं. इंजिनामागच्या पत्र्यावर कधी खडूचे, कधी मेणाच्या पेन्सिलीचे आकडे सापडतात. तपासनिसानं घाईत ओढलेले. चाकांकडच्या बोल्टांवर पिवळ्या किंवा हिरव्या रंगाचे ठिपके असतात: बोल्ट योग्य जोर लावून आवळला की कामगार वर ब्रशचा ठिपका देई, म्हणजे पुढच्याला कळावं की हे काम झालं. काचेच्या कोपऱ्यात तारखेचे संकेत कोरलेले असतात, इंजिनच्या ओतकामावरही. मागची सीट उचलली तर स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळा पडलेला कागद मिळू शकतो. त्यावर त्या एका गाडीला कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग, रेडिओ हवा की नको, हे सगळं छापलेलं असतं. लाइनवरच्या कामगारांसाठी होता तो कागद. काम झाल्यावर कुणीतरी सीटमध्ये कोंबून दिला. पुन्हा शिवलेल्या सीटमध्ये तो मिळत नाही.

आणि मग माणसाच्या खुणा. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड उतर-चढीनं दबलेली. ब्रेकच्या पॅडलचं रबर एका बाजूनं जास्त झिजलेलं. स्टिअरिंग जिथं धरलं जायचं तिथं गुळगुळीत, बाकी ठिकाणी दाणेदार. यातली कुठलीही खूण नवीन करता येत नाही. तसा प्रयत्न करणारी मंडळीही आता बाजारात आहेत, कारण मूळ गाडीला भाव आला आहे; जाणकाराच्या नजरेला ती बनावट झीज लगेच कळते.

या विषयावर कुणी वाद घातला की मी ‘बुलिट’ सिनेमातल्या मस्टँगची गोष्ट सांगतो. १९६८ चा हा सिनेमा, सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा पाठलाग आणि स्टीव्ह मॅक्वीन चालवत असलेली गडद हिरवी मस्टँग. चित्रीकरणानंतर ती गाडी विकली गेली आणि १९७४ मध्ये मासिकातली जाहिरात बघून न्यू जर्सीतल्या एका कुटुंबानं ६,००० डॉलरला घेतली. घरातली बाई शिक्षिका. ती या गाडीतून शाळेत जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली. कुटुंबानं दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. २०१८ मध्ये ती जगापुढं आली तेव्हा पत्र्याला गंज होता, रंग उडालेला होता, आणि खालच्या बाजूला कॅमेरा बसवण्यासाठी वेल्डिंग केलेले कंस जसेच्या तसे होते. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. मला किमतीपेक्षा ते वेल्डिंगचे कंस महत्त्वाचे वाटतात. मधल्या चाळीस वर्षांत कुणी हौसेनं ती ‘नवीन’ केली असती, तर पहिल्याच दिवशी ग्राइंडर लावून ते कंस उडवले असते. तळ स्वच्छ झाला असता आणि हीच ती गाडी, हे सांगणारा पुरावा गॅरेजच्या फरशीवर पडला असता.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्याच्या आधी अमेरिकन मोटार हिंदुस्थानला परकी नव्हती. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला सुटे भाग आणून गाड्या जुळवत होती, फोर्डही मुंबईत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवायला सुरुवात केली. संस्थानिकांच्या मोटारखान्यांत ब्युइक, कॅडिलॅक, पॅकार्ड यांची गर्दी होती. मग १९५३ चा टॅरिफ कमिशनचा निर्णय आला: नुसतं जुळवणाऱ्यांना इथं जागा नाही, भाग इथंच बनवायची योजना असेल त्यांनीच राहावं. पुढच्या वर्षभरात फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनी गाशा गुंडाळला. आयात जवळजवळ बंद झाली. जीटीओ जन्माला आली तेव्हा आपल्याकडे फियाट, ॲम्बॅसडर आणि स्टँडर्ड हेराल्ड एवढाच पसारा होता, आणि त्यांच्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. साठच्या दशकातली अमेरिकन गाडी इथं आलीच तर वकिलातीच्या मार्गानं आली. परदेशी अधिकारी परत जाताना ती मागं राहायची आणि मग एखाद्या सिनेनटाकडे किंवा कारखानदाराकडे जायची. त्यांत इंपालाचं नाव सर्वांच्या तोंडी बसलं. मसल कार मात्र नाही. अधिकाऱ्यांना मोठी, आरामाची गाडी लागे, पोरांची नव्हे.

दुसरी वाट गोव्याची. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि लोखंडाच्या खनिजाचा पैसा आलेला असताना तिथं परदेशी मोटारी आपल्यापेक्षा कितीतरी सहज मिळत. मर्सिडीज टॅक्सी म्हणून फिरत होत्या, हे जुन्या गोवेकरांना आजही सांगताना भरून येतं. मुक्तीनंतर सरहद्द उठली आणि घाट चढून यातल्या काही गाड्या देशावर आल्या.

आल्या खऱ्या, पण मूळ रूपात राहिल्या नाहीत. अमेरिकन व्ही-एटला किंवा सहा सिलिंडरच्या इंजिनाला पेट्रोल परवडेना, १९७३ नंतर तर मुळीच नाही. मग बॉनेटखालचं इंजिन उतरवून तिथं डिझेल बसवायचं, हा शहाणपणाचा मार्ग ठरला. पर्किन्स डिझेल बसवलेल्या डॉज आणि शेव्हरोले कितीतरी होत्या. काढलेलं मूळ इंजिन भंगारात गेलं. अमेरिकेत पोरांच्या मस्तीनं मूळ इंजिनं गेली, आपल्याकडे पोटासाठी गेली. टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्या माणसाला मी त्याबद्दल कधीच दोष देणार नाही. पण त्याच कारणानं आज महाराष्ट्रात एखादी अमेरिकन गाडी मूळ इंजिनासह, मूळ कार्बोरेटरसह उभी दिसली तर ती बघायला शंभर मैल जावं असं मला वाटतं. डुक्कर फियाट म्हणून जिला आपण हसतो, ती उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांची जुनी फियाटसुद्धा मूळ रंगात सापडणं आता दुर्मीळ झालंय. स्वस्तातली, घरोघरची वस्तू सगळ्यात आधी नाहीशी होते. रोड रनरचं झालं तेच फियाटचं.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती या गावाच्या सगळ्यात मोठ्या गुणातून घडते. इथं न बनणारी वस्तू नाही. उद्यमनगरात तुटका भाग घेऊन जावं. लाकडी पॅटर्न तयार होतो, ओतकाम होतं, लेथवर चढतं आणि चार दिवसांनी नवा भाग हातात. मेनन पिस्टन, घाटगे-पाटील यांसारखी नावं याच मातीत उभी राहिली आणि देशभरच्या वाहनांत इथलं ओतकाम आहे. त्याच्याही आधी, बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याचं तंत्र उकलून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ लोकांपुढं आणला. उघडायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या हातानं करायचं, हा इथल्या मेस्त्रीचा पिढीजात नाद. या नादाचा मला अभिमान आहे. पण करता येतं म्हणून केलं जातं, हेही मी पाहतो. कार्बोरेटरला नुसती सफाई हवी असते, तिथं नवा बसतो. दाराला एक पोचा असतो, तेवढ्यासाठी पूर्ण गाडी घासली जाते. ज्या गावाला सगळं नवं करता येतं तिथं जुनं राखायला जास्त निग्रह लागतो. या पुस्तकाचा सगळा आग्रह मला विचाराल तर एवढाच आहे: मेस्त्रीचं कसब हात कुठं थांबवायचा यातही दिसतं, आणि तो थांबवायला कोल्हापूरच्या मेस्त्रीइतका लायक माणूस दुसरा नाही.

हात थांबवणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. जुन्या रंगावर बसलेला मळ काढायचा असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती फडकं. आधी डिकीच्या झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी, हाताच्या पंजाएवढ्या भागावर करून बघायचं. फडक्यावर मळ येतोय की रंग येतोय ते पाहायचं. मळ आला तर पुढं, रंग आला तर थांबायचं. कार्बोरेटरचा जेट साफ करताना पोलादी तार घालायची नाही. भोक रुंदावतं आणि इंजिन कायमचं बिघडतं. हवेचा झोत पुरतो, फार तर मऊ तांब्याची बारीक तार. ब्रेकचं सिलिंडर गंजलं असेल तर ते फेकण्याऐवजी बोअर करून आत पितळी स्लीव्ह बसवता येते. बाहेरचं मूळ ओतकाम, त्यावरच्या अक्षरांसह, तसंच राहतं आणि ब्रेक नव्यासारखा धरतो. रेडिएटरची जाळी नवी आणि वरची-खालची टाकी मूळची, असंही करता येतं. अशी कामं इथल्या हातांना अवघड नाहीत. मागणारा मालक हवा.

सुरक्षेच्या बाबतीत मी कुठलीच सूट मागत नाही. ब्रेकचे होज, टायर, पेट्रोलच्या नळ्या, तडकलेली वायर, हे बदललंच पाहिजे. जीटीओवर आलेले लाल रेघेचे मूळ टायर साठ वर्षांनी रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे. ते काढून, नाव लिहून माळ्यावर ठेवावेत. आणि आपल्याकडे पाऊस आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत चढलं तेव्हा तळघरांत आणि गॅरेजांत उभ्या असलेल्या किती गाड्यांचं वाटोळं झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पुरात बुडालेल्या गाडीला ‘मूळ रूपात राहू दे’ म्हणून तसंच ठेवलं तर चॅसीच्या पोकळीतला गाळ वर्षभरात पत्रा आतून खातो. तिथं सीट काढायची, गालिचा काढायचा, पोकळ्या धुवायच्या, सगळी तेलं बदलायची, आणि ताबडतोब. गंज थांबवणं हे जपण्याचं पहिलं काम. गंजानं भोक पडलेल्या जागेपुरता पत्रा जोडून बाकी रंग शाबूत ठेवणं, हे दुसरं. पूर्ण गाडी खरवडणं यांत कुठंच बसत नाही.

इमारतींच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला आधीच पटलेली आहे. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाखाली उभं राहिलेला माणूस, या दगडांना छान रंग मारून घ्या, असं म्हणेल का? भंगलेले हत्तीही पुन्हा घडवून बसवा, असं कुणी म्हणत नाही. १९६४ मध्ये, म्हणजे जीटीओ बाजारात होती त्याच वर्षी, व्हेनिसला जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी एक सनद मान्य केली. तिच्यातलं एक कलम सांगतं की हरवलेल्या भागाच्या जागी नवा बसवायचाच असेल तर तो एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ कुठला आणि नवा कुठला हे ओळखूही यावं. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघानं, फिव्हानं, ट्युरिनची सनद केली, ती याच विचारावर. अमेरिकेत इलिनॉयमध्ये कॉर्व्हेट गाड्यांचा ब्लूमिंग्टन गोल्ड नावाचा मेळा सुरू झाला, तिथं हात न लावलेल्या गाड्यांना वेगळा मान द्यायची प्रथा पडली, आणि पुढं मोठमोठ्या प्रदर्शनांत अशा गाड्यांसाठी स्वतंत्र गट आले.

आपल्या कायद्यानंही यात पाऊल टाकलं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी तरतूद झाली: पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात राखलेलं, फार मोठे बदल न केलेलं वाहन. नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं यासाठी चालते. साठच्या दशकातली प्रत्येक गाडी आता या वयात आली आहे. तेव्हा मूळ रूप राखणं ही नुसती हौशी माणसाची आवड राहिली नाही, कागदोपत्री त्याचा उपयोग आहे.

गाडी राखायची म्हणजे ती झाकून ठेवायची, असाही एक समज आहे. त्याला उत्तर कोल्हापुरातच आहे. राजाराम महाराजांच्या काळात आलेली मेबॅक. जर्मनीतल्या मेबॅक कंपनीचा जन्म झेपेलिन हवाईजहाजांची इंजिनं बनवण्यातून झाला. मोटारी तिनं १९२१ ते १९४१ एवढ्याच काळात बनवल्या, त्याही अठराशेच्या आसपास. स्वतः फक्त इंजिन आणि चॅसी द्यायची, वरची बॉडी बांधणारे वेगळे असत. अशी ही गाडी दसऱ्याच्या संध्याकाळी न्यू पॅलेसमधून छत्रपती घराण्याला घेऊन दसरा चौकात येते, शमीपूजन होतं, सोनं लुटलं जातं. चौकातल्या गर्दीतली लहान पोरं बापाच्या खांद्यावरून ती बघतात. निर्माती कंपनी युद्धाच्या काळात मोटारींतून बाहेर पडली, भाग मिळण्याचा प्रश्नच नाही, तरी गाडी दसऱ्याला चालते. चालणाऱ्या गाडीचं इंजिन आतून कोरडं पडत नाही, सील आवळून जात नाहीत, ब्रेक धरून बसत नाहीत. आणि चालवायची म्हणून दरवर्षी कुणालातरी तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं. जिथं जिथं मूळ रूपातली गाडी टिकली आहे तिथं मागं हेच दिसतं: एकच घर, एकच मेस्त्री किंवा त्याचा मुलगा, आणि ठराविक दिवशी बाहेर निघायची रीत.

या पानांमधून एखाद्याच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली वडिलांची किंवा आजोबांची गाडी आठवली, तर काम सुरू करण्याआधी एवढं करा. धुण्याच्याही आधी सगळ्या बाजूंनी, खालून आणि बॉनेट उघडून फोटो काढा. आरसी बुक, जुन्या पावत्या, विम्याचे कागद एका पाकिटात घाला. १९८९ च्या आधीची तीन अक्षरी नंबरप्लेट असेल तर ती उतरवली तरी फेकू नका. घरातल्या ज्येष्ठांना विचारा, गाडी कुठून आली, कुठं कुठं गेली, कुणी चालवली, आणि ते लिहून ठेवा. जो भाग काढाल त्याला चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा, तो कितीही निकामी वाटला तरी. मेस्त्रीला सांगा की घाई नाही. एवढं झाल्यावरच पान्याला हात घाला.

पहिलं प्रकरण जीटीओच्या बॉनेटखाली सुरू होतं. तीन कार्बोरेटरांपैकी सपाट रस्त्यावर फक्त मधला काम करतो. पाय पूर्ण दाबला की बाजूचे दोन उघडतात. ते कसं घडतं, कोणत्या दांडीनं कोणती झडप ओढली जाते, याची आकृती त्या प्रकरणाच्या दुसऱ्याच पानावर आहे. ती नीट बघून मगच पुढं जावं, कारण नंतरच्या प्रकरणांतल्या बऱ्याच गाड्यांची गोष्ट त्या दांडीपाशीच सुरू होते.